पूर्णाकाठची आखाजी

अक्षय्य तृतीयेच्या, म्हणजे आखाजीच्या, आधी दोन-चार दिवस मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोदच्या बाजारात कुंभार रस्त्याच्या कडेला माल मांडून बसतात. काळे माठ उन्हाळाभर विकले जातात, पण या दिवसांत गिऱ्हाईक लाल मातीच्या लहान भांड्यांपाशी थांबते. त्यांना करा आणि केळी म्हणतात. गेलेल्या पुरुषाच्या नावाने करा, गेलेल्या बाईच्या नावाने केळी. घ्यायला आलेली बाई भाव करण्याआधी तोंडातल्या तोंडात नावे मोजते: सासरे, सासू, आजेसासू. एखाद्या घरी यंदा एक नाव वाढलेले असते, आणि ते नेहमी म्हाताऱ्याचेच असते असे नाही.

बुलढाणा जिल्ह्यात माणूस गावाच्या आधी घाट सांगतो. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा हे घाटावरचे. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखालचे. घाटाखालचा भाग भाषेने वऱ्हाडी असला तरी पश्चिमेकडे त्याचे सोयरेसंबंध खानदेशाशी आहेत. म्हणून खानदेशाप्रमाणे इथेही आखाजी हा लेकींच्या माहेरपणाचा सण आहे आणि त्याच दिवशी तो पितरांचाही सण आहे. एकीकडे झोके बांधलेले, दुसरीकडे देवघरापाशी पाण्याने भरलेली घागर, तिच्यावर खरबूज किंवा आंबे, शेजारी पुरणपोळी आणि आमरसाचे पान. पितरांना आंबा दाखवल्याशिवाय घरात नवा आंबा खायचा नाही, हा दंडक अनेक घरांत आजही पाळतात. लहान पोरांची त्यात फार कुचंबणा होते.

धर्मशास्त्राच्या पोथ्यांत याला उदकुंभाचे दान म्हणतात. वैशाखातल्या उन्हात पाण्याने भरलेला घडा ब्राह्मणाला द्यायचा आणि पितरांची तहान भागवायची. गावाने पोथीतला घडा घेतला, दान घेणारा बहुतेक ठिकाणी गळला आणि घागर घरातच राहिली. तिच्याभोवती जे नियम तयार झाले ते घरोघरचे आणि त्यामुळे लवचिक आहेत. तरुणपणी गेलेल्या माणसाला या लवचिकपणात जागा मिळाली.

शास्त्राची मांडणी वडील आधी जातात आणि मुलगा मागे राहतो अशी आहे. मुलगा पिंड देतो, तर्पण करतो, तीन पिढ्यांची नावे घेतो. पंचवीस वर्षांचा मुलगाच गेला तर? त्याचे नाव घेणारा त्याचा मुलगा जन्मलेलाच नसतो, आणि बापाने लेकासाठी पाणी सोडायचे हा प्रकार उफराटा वाटतो. लहान मूल दगावले तर त्याला पुरतात, त्याचे श्राद्ध नसते. मुंज झालेला पण लग्न न झालेला मुलगा गेला तर तो ‘मुंजा’ होतो आणि पिंपळावर राहतो, अशी समजूत महाराष्ट्रभर आहे. गावोगावच्या पिंपळाखाली शेंदूर लावलेला मुंजाचा दगड दिसतो. या दगडाची लोकांना भीती वाटते खरी, पण कुळाच्या यादीत कुठेच बसत नसलेल्या पोराला मिळालेला तो पत्ताही आहे.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवतात आणि कावळ्याची वाट पाहतात. म्हातारा माणूस भरल्या घरात गेला असेल तर कावळा लवकर शिवतो, असे लोक सांगतात. तरुण गेला असेल, मागे लहान पोरे असतील, तर तास तास जातो. मग भाऊ पुढे होऊन हात जोडतो आणि मोठ्याने म्हणतो, पोरांना मी सांभाळीन. बहिणीचे लग्न लावून देईन, पेढीचे कर्ज फेडीन, असेही शब्द दिले जातात. पक्ष्याचे काय असेल ते असो, चार गावांच्या सोयऱ्यांसमोर बोललेला शब्द मागे घेणे सोपे नसते. तरुण विधवा आणि तिच्या लेकरांसाठी, ज्या काळी विमा नव्हता आणि कोर्ट दूर होते, त्या काळी साक्षीदारांसमोर झालेला हा करारच होता.

देवघरातल्या टाकांनाही असाच इतिहास आहे. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठशाने उठवलेली आकृती. खंडोबा, भवानी, बहिरोबा यांच्याबरोबर कुळातल्या गेलेल्या माणसांचेही टाक करून घेतात आणि दसऱ्याला उजळतात. जिल्ह्यातल्या खामगावची बाजारपेठ चांदीसाठी नावाजलेली आहे. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते जलंब-खामगाव रेल्वे फाटा सुरू झाला तो कापसासाठी, आणि कापसाच्या पैशाबरोबर सराफा वाढला. चांगल्या पिकाच्या वर्षी पैंजण, वाळे आणि कमरपट्टे घडत. त्याच पेढ्यांवर मूठभर चांदीत टाकही होत.

टाकांत एक प्रकार फार बोलका होता. पहिली बायको तरुणपणी गेली आणि नवऱ्याने दुसरे लग्न केले, की नव्या नवरीच्या गळ्यात पहिलीचा छोटा टाक बांधत. सणाला नवे लुगडे आले की आधी त्या टाकापुढे ठेवायचे, मग स्वतः नेसायचे. सवतीचे भूत बाधू नये म्हणून हे करतात, असे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोकरूढी टिपणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांनी नोंदवले आणि ते तिथेच थांबले. बाळंतपणात किंवा क्षयाने गेलेल्या त्या पहिल्या बाईचा विचार केला तर चित्र निराळे दिसते. तिचे नाव सातबाऱ्यावर नाही, बहुतेकदा तिचा फोटो नाही, आणि तिची पोरे नव्या बाईला आई म्हणू लागलेली. घरातला तिचा एकमेव पुरावा तिच्या जागी आलेल्या बाईच्या गळ्यात होता. हा न्याय की अन्याय, हे ठरवणे अवघड आहे. नव्या नवरीच्या बाजूने पाहिले तर नक्कीच अन्याय.

घाटावर सिंदखेडराजाला गेले की स्मारकांचा दुसरा हिशेब दिसतो. जिजाबाईंचे हे जन्मगाव. त्यांचे वडील लखुजी जाधवराव १६२९ साली दौलताबादेच्या किल्ल्यात निजामशहाच्या दरबारात मुलानातवासह मारले गेले. सिंदखेडला त्यांची समाधी आहे, घुमटाची, भव्य, दुरून दिसणारी. दगड असा बहुधा शस्त्राने मेलेल्यांसाठी लागतो. गावोगावचे वीरगळ पाहा: गाईंसाठी लढून पडलेला, वेशीवर पडलेला. सतीशिळा पाहा: चितेवर चढलेली. अंथरुणाला खिळून दोन-तीन वर्षे खंगलेल्या माणसासाठी दगड कोरण्याची चाल महाराष्ट्रात नव्हती. त्याच्या मरणात गावाला सांगण्यासारखे काही घडलेले नसते. जे घडते ते घरात, औषधाच्या वाटीपाशी.

जिजाबाईंच्याच घरात असे मरण आले. फलटणच्या नाईक निंबाळकरांची लेक सईबाई १६४० साली शिवाजीराजांची पत्नी झाली. तीन मुलींनंतर १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजे जन्मले आणि सईबाईंची प्रकृती ढासळत गेली. बाळाला दूध पाजायला कापूरहोळची धाराऊ आणावी लागली. ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर सईबाई गेल्या. वय तिशीच्या आतले. अफझलखान तेव्हा स्वराज्यावर चालून आला होता आणि प्रतापगडची भेट दोन महिन्यांवर होती, त्यामुळे इतिहासाच्या पुस्तकांत हे मरण एका ओळीत आटोपते. त्यांची समाधी राजगडाच्या पायथ्याशी पाल गावात आहे, साधी आणि लहान. सव्वादोन वर्षांच्या नातवाला सिंदखेडच्या लेकीने वाढवले. दहाव्याच्या घाटावर भाऊ देतो तो शब्द राजघराण्यात सासूने निभावला.

आनंदीबाई जोशींचे उदाहरण आणखी दूरचे, पण याच प्रश्नाचे. १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झालेल्या आनंदीबाई क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या, तेव्हा त्यांना बावीसही पूर्ण झाली नव्हती. त्यांचे एकुलते बाळ जन्मानंतर दहा दिवसांत गेले होते, म्हणजे शास्त्राप्रमाणे त्यांचे नाव पुढे नेणारे कोणी नव्हते. त्यांच्या अस्थी अमेरिकेत थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे गेल्या. ज्या बाईंनी पत्रांतून ओळख वाढवून आनंदीबाईंना घरी ठेवून घेतले होते, त्यांनी पकिप्सीच्या दफनभूमीत आपल्या कुटुंबाच्या जागेत त्या पुरल्या आणि वर दगड बसवला. कल्याणच्या मुलीचे नाव न्यूयॉर्क राज्यातल्या एका ख्रिस्ती कुटुंबाच्या नावांत कोरले गेले. कुळाच्या यादीत जागा नसलेल्याला कोणीतरी आपल्या यादीत घेते, एवढीच इथली गोष्ट. आखाजीला लेकीची केळी माहेरी भरणारी आई तेच करते.

सरकारने मरणाची नोंद ठेवायला सुरुवात केली तेव्हा वऱ्हाडात ते काम कोतवालाच्या वहीत आले. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेले होते. जन्म-मृत्यूची ही गावनोंद आजही ‘कोतवाल बुक’ म्हणून ओळखली जाते. जातीच्या दाखल्यासाठी पणजोबाचे नाव शोधत लोक तहसिलात तिचीच नक्कल मागतात, आणि २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा या वह्यांना अचानक भाव आला. शोधणारा जातीचा रकाना बघतो. शेजारचा मरणाच्या कारणाचा रकाना वाचण्याची सवड फारशी कोणाला नसते. तिथे पटकी, देवी, हगवण असे ठरावीक शब्द येतात आणि त्यात सर्वांत मोठी रास ‘ताप’ या शब्दाची. १८९९-१९०० चा दुष्काळ, प्लेग, १९१८ चा इन्फ्लुएंझा, सगळे या रकान्यातून गेले. त्या इन्फ्लुएंझाने मध्य प्रांत-वऱ्हाड हा देशातल्या सर्वांत जास्त माणसे गमावलेल्या प्रांतांपैकी एक होता, आणि ही साथ तरण्याताठ्यांना अधिक मारत होती. साथीत मेलेल्याला निदान साथीचे नाव मिळते. वर्षानुवर्षे झिजून गेलेला मात्र ‘ताप’ किंवा ‘इतर’.

घाटाखाली झिजून जाण्याचे लोक सांगतात ते कारण जमिनीखाली आहे. सातपुड्यात उगम पावलेली पूर्णा अमरावती, अकोला, बुलढाणा असे तीन जिल्हे ओलांडून चांगदेवपाशी तापीला मिळते. तिच्या दोन्ही काठांचा साडेचार हजार चौरस किलोमीटरहून मोठा पट्टा खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. सातपुड्याच्या पायथ्याशी खचलेल्या खोलगट भागात गाळ साठत गेला, शेकडो मीटर जाडीचा, आणि त्यात क्षार अडकून राहिले. विहीर जितकी खोल तितके पाणी खारे, असा इथला अनुभव. हे खारेपण एके काळी धंद्याचे होते: आजच्या अकोला जिल्ह्यातल्या दहीहांडा भागात विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढत, ते इंग्रजी अमलात बंद पडले. जळगाव जामोद आणि खामगाव हे तालुकेही आधी अकोल्यातच होते, १९०५ च्या फेररचनेत ते बुलढाण्याला जोडले गेले आणि त्यांच्याबरोबर हा पट्टाही आला.

अशा पाण्याचा माठ ओळखता येतो. काही आठवड्यांत त्याच्या बाहेरच्या अंगावर पांढरा खार फुलतो, छिद्रे बुजतात आणि पाणी थंड होईनासे होते. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २०००च्या वर जाऊ नये, असे भारतीय मानक सांगते. पट्ट्यातल्या अनेक विहिरी आणि हातपंप ही वरची रेघही ओलांडतात. बायका डोक्यावरून गोडे पाणी आणत, कोसभर चालून. ज्या गावात गोडे पाणी नाही तिथे मुलगी द्यायची नाही, असे सोयरीक जुळवणारे उघड बोलत.

संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या तालुक्यांत गेल्या दोन-अडीच दशकांत मूत्रपिंडाच्या आजाराच्या बातम्या सतत येत राहिल्या. लोक म्हणतात, ‘किडनी गेली’. पाय सुजतात, भूक जाते, रक्त कमी होते, आणि शहरातल्या डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत मूत्रपिंडे जवळजवळ थांबलेली असतात. मग डायलिसिस. आठवड्यातून दोनदा-तीनदा, दर वेळी चार तास. शेगाव, खामगाव किंवा अकोल्याला जाणे-येणे वेगळे. शासकीय आरोग्य योजनेतून उपचाराचा खर्च निघतो, गाडीभाडे बहुधा निघत नाही आणि बुडालेली मजुरीही निघत नाही. गेलेल्यांत शेतात राबणारी, तिशी-चाळिशीतली माणसे असतात. दोन-तीन वर्षांत आधी बैलजोडी जाते, मग एकर-दोन एकर, मग माणूस. प्रथम पुण्यस्मरणाच्या पत्रिकेवर छापलेला फोटो बहुतेकदा आजाराच्या आधीचा, लग्नातला असतो.

पाणीच दोषी, असे गावात कोणीही सांगेल. डॉक्टर इतके ठाम बोलत नाहीत आणि त्यांचे चुकत नाही. मधुमेह, रक्तदाब, अंगदुखीवर मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, कीटकनाशके, उन्हात पाणी न पिता केलेले काम, या सगळ्यांचा संशय आहे. श्रीलंकेच्या अनुराधापूर भागात आणि आंध्रातल्या श्रीकाकुलमजवळच्या उद्दानम पट्ट्यातही शेतकऱ्यांची मूत्रपिंडे अशीच निकामी होतात. तिथेही इतक्या अभ्यासानंतर एकच कारण ठरलेले नाही. बाल्कन देशांत डॅन्यूबच्या उपनद्यांकाठी १९५०च्या दशकात असाच एक आजार ओळखला गेला आणि विहिरींच्या पाण्यावर बोट ठेवले गेले. अनेक दशकांनी मुख्य दोष निघाला तो गव्हात उगवणाऱ्या एका तणाच्या बियांचा. त्या दळणात जाऊन भाकरीत उतरत होत्या. ही गोष्ट पूर्णाकाठी जशीच्या तशी लागू होईल असे मुळीच नाही. पण तिथल्या उलगड्यात गाववार, घरवार कोण आजारी पडला याच्या चिकाटीने ठेवलेल्या नोंदींचाही वाटा होता.

दरम्यान पाणी आणण्याचे प्रयत्न झाले. सातपुड्यातल्या वान धरणातून संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतल्या १४० गावांना गोडे पाणी देण्याची योजना आखली गेली. नांदुरा तालुक्यात पूर्णेवर जिगाव प्रकल्पाचे काम वर्षानुवर्षे चालू आहे. गावात आता फिल्टरच्या पाण्याचे जार येतात आणि ज्याच्याकडे पैसे आहेत तो ते घेतो. मजुराच्या घरी अजूनही हापशाचेच पाणी असते, निदान नळाला पाणी नसलेल्या दिवशी.

आणि याच पट्ट्यात, जळगाव जामोद तालुक्यातल्या पूर्णाकाठच्या भेंडवळला, आखाजीच्या संध्याकाळी शेतात घट मांडला जातो. चंद्रभान महाराज वाघ यांनी सुरू केलेली ही परंपरा साडेतीनशे वर्षांची असल्याचे सांगतात. गोल आखून अठरा धान्ये ठेवतात, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे आणि त्यांवर पाण्याने भरलेली घागर. घागरीवर पुरी, पापड, करंजी, कुरडई, पानविडा. दुसऱ्या दिवशी पहाटे काय हलले ते पाहून वर्षाचे भाकीत सांगतात आणि ते ऐकायला दुरून शेतकरी येतात. मसूर म्हणजे परका शत्रू, करंजी म्हणजे तिजोरी, भादली म्हणजे रोगराई. या भाकिताला शास्त्राचा आधार नाही, हे दरवर्षी कोणीतरी सांगते आणि दरवर्षी गर्दी होते. वर्तमानपत्रे पाऊस, पीक आणि राजा यांवर मथळे देतात. भादलीची ओळ बातमीत खाली येते.

त्याच संध्याकाळी घाटाखालच्या घरांत दुसऱ्या घागरी भरलेल्या असतात. खाऱ्या पाण्याची घागर पितरांपुढे ठेवावी असे कोणालाच वाटत नाही. त्या दिवशी गोडेच पाणी हवे, मग ते नळाचे असो, जारचे असो की शेजारच्या गावाहून आणलेले. आयुष्यभर जे पाणी ज्याला मिळाले नाही, ते त्याच्या नावाच्या कऱ्यात पडते. घरातल्या बाईला विचारले तर ती प्रत्येक कऱ्याचे नाव सांगते, तो कोणत्या साली आजारी पडला, डायलिसिस किती दिवस चालले, कोणत्या विहिरीचे पाणी पीत होता, हेही सांगते. जिल्ह्याच्या कोणत्याही कार्यालयात हा इतका नेमका तपशील एकत्र मिळणार नाही.

१९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने कोतवालाची वही गेली, नोंद ग्रामपंचायतीकडे आली. घरी झालेल्या मृत्यूचे कारण मात्र अजूनही बहुधा घरच्यांच्या तोंडून आलेला एखादा शब्दच असतो. संग्रामपूर, शेगाव आणि जळगाव जामोदच्या ग्रामपंचायतींनी गेल्या वीस वर्षांतल्या मृत्यूंची यादी घेऊन आशा सेविकांना घरोघर पाठवावे आणि मूत्रपिंडाच्या आजाराने गेलेल्या प्रत्येकाचे वय, काम, पिण्याच्या पाण्याचा स्रोत आणि आजाराची वर्षे लिहून घ्यावीत. सांगणाऱ्या बाया अजून घरात आहेत.